गुरुवारचा करार

काका, कागद सापडला.

हे आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर चपला काढायच्या आत विचारलं असतंत, "सापडला का?" आणि मी नेहमीसारखं दुसऱ्याच विषयावर भाषण सुरू केलं असतं. तर ऐका. सापडला. नऊ जणींच्या सह्या आहेत. कंपनीच्या आवक विभागाचा शिक्का आहे, शिक्क्यात तारीख आहे, आणि ती तारीख मंगलताईंची बोटं जाण्याच्या आधीची आहे. सोमवारी सुनावणीत तो टेबलावर ठेवला. पुढे काय झालं तेही सांगते, पण क्रमाने. तुम्हाला क्रम लागतो.

संघटनेच्या पत्रकात तुमच्यावर लिही, असं सगळ्यांनी मला सांगितलं. तुमचा जन्म कुठला, कंपनीत किती वर्षं काढलीत, नातवंडं किती, हे काकूंनी पुण्यानुमोदनाच्या कार्डावर छापलंय आणि तिथे ते नीट आहे. मी ते परत लिहीत बसणार नाही. 'हसतमुख आणि मनमिळाऊ' तर मुळीच लिहिणार नाही. तुम्ही हसतमुख नव्हतात. तुम्ही खवचट होतात. माझ्या पत्रकांवर लाल पेनाने गोल मारायचात. "तीन उद्गारचिन्हं कशाला? एकाने ऐकू येत नाही का कंपनीला?" मी म्हणायचे, "नाही येत!!!" तुम्ही म्हणायचात, "मग भोंगा लाव, कागद कशाला फुकट घालवतेस."

पहिला दिवस आठवतो. भोसरी एमआयडीसीत, पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या वर्कशॉपवरची आपली एक खोली. खाली ठोका पडला की वर कपातला चहा हलतो. तुम्ही नुकतेच निवृत्त झालेले, मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन, कंत्राटी कामगारांसाठी काही करता येईल का विचारायला निगडीहून आलात. मी तुम्हाला लोखंडी कपाट उघडायला सांगितलं आणि सगळे अर्ज, पगारस्लिपा, दवाखान्याची कागदपत्रं तुमच्या पायावर कोसळली.

"हे काय आहे?"

"रेकॉर्ड."

"ही रद्दी आहे, बाई. मागितलं की हातात येतं, त्याला रेकॉर्ड म्हणतात."

मला एवढा राग आला होता! रात्रंदिवस गेटवर उभं राहून आम्ही हे कागद गोळा केले होते आणि हा माणूस पहिल्याच दिवशी त्यांना रद्दी म्हणतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर पोत्यात घालून, मांडीवर घेऊन बसने आलात. कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय आहे, तर तुम्ही म्हणालात, "ऑफिसचा नवा क्लार्क." त्या दिवसापासून आपण त्याला डबा म्हणायला लागलो. नाव मीच ठेवलं, कुत्सितपणे. तुम्ही ते आनंदाने घेतलंत.

मग तुम्ही एकेक कागद स्कॅन करायला घेतलात. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर. नंबरवार गठ्ठे. आणि हाताने लिहिलेला कागद डब्याला वाचता येत नाही, म्हणून त्या प्रत्येकाबरोबर एक छोटी टिपण फाइल: कुणाचा कागद, कुठली कंपनी, कुठलं मशीन, काय तक्रार. एका बोटाने टाइप करायचात. टक्. टक्. खालची प्रेससुद्धा तुमच्यापेक्षा भरभर चालायची.

मी म्हटलं, "एवढं लिहून काय होणार? ढिगाचा ढीग राहणार."

तेव्हा तुम्ही मला इंडेक्सिंग समजावलंत. तुमच्या पद्धतीने. म्हणालात, मशीनच्या पॅनेलमध्ये शेकडो वायरी असतात, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबराची बारीक नळी घातलेली असते. ब्रेकडाऊन झाला की कुणी एकेक वायर ओढत बसत नाही, नंबर बघायचा आणि थेट तिथे जायचं. "डबा सगळ्या फाइली आधीच वाचून ठेवतो आणि कुठला शब्द कुठे आहे त्याची यादी करतो. आपण नाव टाकलं की तो फाइली बघतच नाही, ती यादी बघतो. म्हणून लगेच सांगतो." मग एका बोटाने 'हेल्मेट' टाइप केलंत. पापणी लवायच्या आत अकरा कागद. त्यात एक माझ्याच अक्षरातला, जो मी हरवला म्हणून वर्षभर रडत होते.

मी 'बरं' म्हणाले. माझ्याकडून तेवढं मिळालं, हेच पुष्कळ होतं.

मग आपलं भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत चाललं आणि अजून संपलेलं नाही, म्हणून माझी बाजू इथे परत मांडते. तुम्ही डब्याच्या वाचनाची वेळ लावलीत रोज दुपारी दोनची. का, तर तुमचं जेवण झालेलं असतं आणि तुम्ही पाठ टेकता. आणि पहिली शिफ्ट सुटते तीनला! म्हणजे गेटवर वाटायचं पत्रक मला अडीचच्या आत छापून हवं. नेमका तेव्हाच डबा वाचायला बसणार, घरघर करणार, मी एक अक्षर दाबलं की ते चहा पिऊन मग उमटणार. कामगार गेटमधून बाहेर पडतायत आणि आमची क्रांती मात्र 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणतेय. मी काय करणार? कोपऱ्यात 'थांबवा' असं बटण होतं, ते मी दाबायचे. रोज दाबायचे.

तुम्ही मॉनिटरवर पुठ्ठ्याची पाटी लावलीत, पॅनेलवर टांगतात तसली: 'काम चालू आहे. हात लावू नये.' मी ती फाडली. तुम्ही दुसरी लावलीत. तीही फाडली.

"वैशालीताई," तुम्ही म्हणालात. एरवी मी वैशू. वैशालीताई म्हटलं की समजायचं, फ्यूज उडणार. "वाचणाऱ्याला मध्येच उठवत नाहीत. आपण हजार कागद दिलेत त्याला आणि तू रोज त्याच्या हातातून काढून घेतेस."

"मला लोक दिसतात, काका. तुम्हाला कागद दिसतो."

"त्या लोकांचाच आहे तो कागद."

शेवटी तुम्ही म्हणालात, कामगार संघटनेचं ऑफिस आहे, तर संघटनेच्या रीतीने मिटवू. समोरासमोर बसून, मुद्दे लिहून, दोघांच्या सह्यांचा करार. मी हसले, पण तुम्ही खरंच कोरा कागद काढलात. कलम एक: डबा फक्त गुरुवारी सकाळी दहाला वाचायला बसेल. गुरुवारी सगळी एमआयडीसी बंद, आपलं ऑफिसही बंद, कुणाला त्रास नाही. कलम दोन: गुरुवारचं वाचन राहिलं तर ते दुसऱ्या कुठल्याही दिवशी आपोआप सुरू होणार नाही. हे कलम माझं. मी अडून बसले होते. "नाही म्हणजे नाही, शुक्रवारी माझी गेट मीटिंग असते." कलम तीन: वैशालीताई 'थांबवा' बटण दाबणार नाहीत. दोन प्रती. एक तुमच्याकडे, एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. त्याप्रमाणे तुम्ही डब्यात वेळ बदललीत, आणि राहिलेलं काम नंतर पूर्ण करायची खूण काढून टाकलीत. मी मागे उभी राहून बघत होते, कंपनीचा मॅनेजर कलमं तपासतो तशी.

कराराला महिना झाला असेल. पत्रक अडीचला छापून व्हायला लागलं. मी खूश. तुम्ही बुधवारी निघताना डबा चालू ठेवून जायचात, गुरुवारसाठी. सगळं सुरळीत होतं, असं आपल्या दोघांना वाटत होतं.

मग मंगलताई आल्या. उजव्या हाताला बँडेज.

मंगलताई लातूरकडच्या. भोसरीत भाड्याच्या खोलीत राहतात, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर प्रेस चालवायच्या. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो, हात आत असला की प्रेस खाली येत नाही. तो सेन्सर तारेने बांधून बंद केलेला होता, माल भराभर निघावा म्हणून. दोन बोटं गेली. आणि कंपनीने अपघाताच्या अहवालात लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. सेन्सर ठीक होता म्हणे. सेन्सरबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचं रेकॉर्डवर नाही म्हणे.

हा शब्द मी आयुष्यभर विसरणार नाही. निष्काळजीपणा! बोटं त्यांची गेली आणि दोषही त्यांचाच.

मंगलताई म्हणाल्या, "ताई, आमी अर्ज दिलता की. नऊ जणींच्या सह्या होत्या. शिक्का मारून घेतलता. माज्याकडची अर्जाची परत खोली बदलताना कुटं गेली काय म्हाईत, पन तुमच्या हापिसात दिल्याली हाय एक. काकांच्या हातात दिली मी."

मी डब्यासमोर बसले. तुम्ही त्या आठवड्यात बरं नाही म्हणून घरीच होतात. 'मंगल' टाइप केलं. काही सापडले नाही. 'सेन्सर'. दोन जुने कागद, दुसऱ्याच कंपनीचे. कंपनीचं नाव, प्रेस, तक्रार, सगळं टाकून बघितलं. त्यांचा कागद नाहीच. मंगलताई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. आणि मी, गेटवर माइक धरून 'कामगारावर अविश्वास दाखवणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार असो' म्हणणारी मी, मागे वळून म्हणाले, "ताई, नक्की दिला होता ना?"

त्यांनी बँडेजचा हात पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "तुमी बी तेच इचारताव का?"

त्या गेल्यावर मी तुम्हाला फोन केला. बुधवारची संध्याकाळ. शरम वाटत होती आणि ती मी तुमच्यावर काढली. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "तुमच्या डब्यात काही नाही. तुम्ही तो कागद स्कॅनच केला नसणार. वय झालंय तुमचं, कबूल करा." हे मात्र लिहिते, कारण हे खरंच बोलले.

तुम्ही शांत होतात. दम लागल्यासारखा आवाज. "वैशालीताई, मंगलचा कागद मी माझ्या हाताने ठेवलाय. डब्याने अजून वाचला नसेल. उद्या गुरुवार, लाईट नसेल. शुक्रवारी येतो आणि बघतो."

मी "बघा बघा" म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी तुम्ही आला नाहीत. गुरुवारी सकाळीच सगळं संपलं होतं.

पुढचे दिवस मी कसे काढले, हे लिहायचं म्हटलं तर पानं भरतील आणि तुम्ही त्यावर लाल गोल माराल. एकच सांगते. मला खात्री होती की तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. पुण्यानुमोदनाला निगडीला आले, त्रिशरण-पंचशील झालं, लोक बोलले, मी मात्र मागच्या ओळीत गप्प. मी गप्प बसले म्हणून लोक वळून बघत होते! जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात काकूंना गाठलं आणि विचारून टाकलं.

"काकू, शेवटी ते माझ्यावर चिडले होते का?"

"तुझ्यावर? कधी?"

"बुधवारी. फोनवर. मी फार बोलले त्यांना."

काकू ताटं विसळत होत्या, थांबल्या. "अगं, फोन ठेवला आणि हसत होते. म्हणाले, पोरीचा आवाज बसलाय ओरडून ओरडून, शुक्रवारी जाताना खडीसाखर न्यायला पाहिजे. थांब." आणि खुंटीवरची तुमची कापडी पिशवी काढून त्यातली पुडी माझ्या हातावर ठेवली. दोरा गुंडाळलेली पुडी. तुम्हीच बांधलेली असणार, तीन वेढे आणि वर गाठ, वायर बांधतात तशी.

मी तिथेच मोरीपाशी उभी राहून रडले, आणि काका, खरं सांगू, रडताना छातीवरचं ओझं उतरत होतं. माझ्या शिव्या घेऊन तुम्ही गेला नाहीत. माझ्या घशाची काळजी घेऊन गेलात. काकू म्हणाल्या, "आता इथे पाणी वाया घालवू नकोस, ताटं पूस." मी ताटं पुसली.

पण कागद अजून सापडलेला नव्हता आणि मंगलताईंच्या अपघाताची सुनावणी पुढच्या सोमवारी होती.

गुरुवारी मी एकटीच ऑफिसला गेले, सुट्टीच्या दिवशी. शोध जमत नसेल तर हाताने शोधू, स्कॅनच्या फाइली एकेक उघडून बघू. हे आधीच करायला हवं होतं, मान्य आहे. मला बटण दाबून हवं होतं. खालचं वर्कशॉप बंद, कपातला चहा हलत नव्हता. नऊला बसले. साडेनऊला पंखा थांबला आणि पडदा काळा झाला. यूपीएस केकाटायला लागला. त्याची बॅटरी तुम्ही 'बदलायची' म्हणून लिहून ठेवलेली. जेमतेम दोन मिनिटं ओरडला आणि गप्प झाला.

त्या शांततेत मला तुमचं वाक्य ऐकू आलं. उद्या गुरुवार, लाईट नसेल.

काका! एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून लाइन दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतात. आमच्या भागात तर लाइन बदलायचं काम निघालेलं, गेले कित्येक गुरुवार सकाळी साडेनऊला गेलेली लाईट संध्याकाळीच येत होती. भोसरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, फोनवर तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात. आणि आपण दोघांनी अक्कल लावून, कलमं घालून, सह्या ठोकून डब्याला वाचायला बसवलं कधी? गुरुवारी सकाळी दहाला! आयुष्यभर मेंटेनन्स केलेला इलेक्ट्रिशियन आणि पत्रकात रोज विजेच्या नावाने बोंब मारणारी कार्यकर्ती.

दर गुरुवारी हा यूपीएस रिकाम्या खोलीत असाच केकाटला असणार. ऐकायला कुणी नाही. शुक्रवारी मी नऊला यायचे, डबा बंद दिसायचा. मला वाटायचं, तुम्ही बुधवारी बंद करून गेलात, आणि मी चालू करायचे. तुम्ही अकराला यायचात, तो चालू दिसायचा. तुम्हाला वाटायचं, गुरुवारभर वाचून बसलाय बिचारा. राहिलेलं नंतर त्याने वाचलं असतं, पण ते माझ्या कलम दोनने बंद केलेलं. जुने कागद पटापट सापडत होते, म्हणून शंका आली नाही. नवे कागद त्याने कित्येक आठवडे उघडलेच नव्हते.

आणि विचारलं तर म्हणतो काय? 'काही सापडले नाही.' अरे, 'मी वाचलंच नाही' असं सांग ना! हेच कंपनी म्हणत होती, रेकॉर्डवर नाही. न वाचता नाही म्हणायचं आणि वर समोरच्याला खोटं पाडायचं. कंपनीने ते केलं, डब्याने ते केलं, आणि मंगलताईंच्या तोंडावर मीही तेच केलं. तुम्ही एकटेच म्हणालात, वाचला नसेल.

पावणेपाचला लाईट आली. मी डबा लावला, कुठल्या तरी कोपऱ्यात 'शेवटचं वाचन पूर्ण' म्हणून तारीख होती, ती आपल्या कराराच्याही आधीची. रांगेत राहिलेल्या फाइलींचा मोठा आकडा. मी 'आत्ता सुरू करा' दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. खरंच, मांडीखाली. हात लावू नये! आकडा उतरत होता. मी खडीसाखर चघळत होते. इतका वेळ काही न करता बसायची माझी ती पहिलीच वेळ.

साडेसहाला आकडा संपला. 'मंगल' टाइप केलं.

आला. तुमचं टिपण, शब्दन् शब्द: 'मंगल व इतर ८. चाकण. प्रेस नं. ४ चा सेन्सर तारेने बांधून बंद ठेवतात. पोच शिक्का आहे. मूळ कागद गठ्ठा ३१. गंभीर. वैशूला सांगणे.'

कपाटातून गठ्ठा एकतीस काढला, पेन्सिलीचा नंबर जुळवला, कागद हातात. मागितलं की हातात येतं, त्याला रेकॉर्ड म्हणतात.

पण त्या शेवटच्या दोन शब्दांवर मला थांबायलाच लागेल. वैशूला सांगणे. काका, तुम्ही सांगितलं होतंत. मला आठवलं. मी पत्रकांचे गठ्ठे बांधत होते, रिक्षा खाली हॉर्न मारत होती. तुम्ही म्हणालात, "वैशू, मंगलचा एक अर्ज आलाय, बघून घे, साधा नाही." आणि मी म्हणाले, "डब्यात टाका, लागला की शोधू."

लागला की. म्हणजे बोटं गेली की.

हे छापायचं की नाही, यावर आपल्या लोकांत दोन दिवस वाद झाला. कुणी म्हणालं, कंपनीच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. मी म्हटलं, सेन्सर बांधणारे ते, दोष त्यांचा, तो तसूभरही कमी होत नाही. पण नऊ बायकांनी लिहून दिलेला धोका आपल्या खोलीत आला होता आणि मी तो वाचला नाही, हेही खरं आहे, आणि या खोलीतलं खरं आपणच लिहायचं. म्हणून लिहिलं. तुम्ही इथे गोल मारला नसतात, असं वाटतं.

कागद घेऊन त्याच संध्याकाळी मी मंगलताईंच्या खोलीवर गेले. आधी माफी मागितली, 'नक्की दिला होता ना' साठी. मग दुसरी, न वाचल्याबद्दल. त्यांनी कागद डाव्या हातात धरून दिव्याखाली नेला. नऊही नावं एकेक करून वाचली, शेवटी स्वतःची सही. मला वाटलं, हाकलून देतील. द्यायलाच पाहिजे होतं.

"काकांनी ठिवला हुता म्हंजे," त्या म्हणाल्या.

"ठेवला होता."

"मला वाटाया लागलं हुतं, मीच येडी झाले. दिलाच न्हाई, उगं वाटतंय दिला म्हनून." मग माझ्याकडे बघितलं. "ताई, परत कुनाला तसं इचारू नका. आन् आल्याला कागुद वाचत जावा."

"वाचीन."

"बसा. च्या टाकते. दूध तुमी वता, मला एका हातानं पातेलं धरवत न्हाई अजून."

सोमवारी सुनावणीत कंपनीच्या माणसाने तेच म्हटलं, रेकॉर्डवर नाही. मंगलताईंनीच कागद पुढे सरकवला. सुनावणी घेणाऱ्या कारखाना तपासणीच्या साहेबांनी शिक्का बघितला, तारीख बघितली, पुन्हा बघितली, आणि कंपनीच्या माणसाला म्हणाले, "हा शिक्का तुमचाच ना?" तो म्हणाला, तपासून सांगतो. साहेब म्हणाले, "तपासा की. मी बसलोय." काका, मी तिथे घोषणा दिली नाही. तोंडात खडीसाखर होती. अहवालातली 'कामगाराचा निष्काळजीपणा' ही ओळ काढायचा आदेश झाला. बाकीची लढाई बाकी आहे आणि ती आम्ही लढू, पण ती ओळ गेली. बाहेर आल्यावर मंगलताईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे आता कुनी म्हननार न्हाई ना, की माजी चूक हुती?" म्हटलं, "कुणाची टाप नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि भराभर बसस्टॉपकडे चालायला लागल्या, मी मागे.

आता आपलं भांडण. मी हरले, असं समजू नका. रोज दुपारी दोन ही वेळ चूकच होती. पण गुरुवारही गेला. नवा करार केलाय: डबा शुक्रवारी वाचेल, दुपारी साडेबाराला, मी समोर बसून डबा खाईन तेव्हा. राहिलेलं वाचन कधीही सुरू होईल, कुणी अडवणार नाही. यूपीएसला नवी बॅटरी बसवली. पाटी परत लावली आहे, तुमच्याच अक्षरातली. मी फाडलेली पहिली पाटी मीच चिकटपट्टी लावून जोडली. आणि शेवटचं कलम मंगलताईंनी घालायला लावलं: ज्या कागदावर 'गंभीर' लिहिलंय, तो माणसाने त्याच दिवशी वाचायचा. डब्याची वाट बघायची नाही.

एक सही माझी. दुसरी तुमच्या जागी मंगलताईंनी केली. डाव्या हाताने. अक्षरं पायऱ्या उतरल्यासारखी खाली गेलीत. डब्याला ती वाचता येणार नाही, म्हणून टिपण करायला घेतलं, आणि तेव्हा सुचलं की तुम्ही कुठे सापडता ते बघू. तुमचं नाव टाइप केलं. विश्वनाथ सोनवणे.

काही सापडले नाही.

या वेळी डबा खरं सांगत होता. सगळं वाचून झालेलं होतं. हजारो टिपणं तुम्ही एका बोटाने लिहिलीत, आमच्या सगळ्यांची नावं लिहिलीत, स्वतःचं एकदाही लिहिलं नाहीत.

मी टिपण पूर्ण केलं. 'करार. गुरुवार रद्द. सह्या: वैशाली, आणि मंगल, डाव्या हाताने. पद्धत विश्वनाथ सोनवणे यांची.' तेही एका बोटाने, उगाच. मग शुक्रवारी साडेबाराला डब्याला वाचू दिलं आणि हात लावला नाही.

आता तुमचं नाव टाकलं की एक कागद सापडतो.